मंगरूळचा दवाखाना अजून व्हायचाच आहे

अहिल्यानगर : २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीत एकाच कार्यक्रमात दोन कामांचे लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झाले. पहिले काम साईमंदिराच्या नव्या दर्शनरांग संकुलाचे. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याची पायाभरणी झाली होती आणि पाच वर्षांत ते उभे राहिले. दुसरे काम अकोले तालुक्यात प्रवरेवर बांधलेल्या निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे. ८५ किलोमीटर लांबीच्या या कालव्यांच्या जाळ्यातून नगर जिल्ह्यातील सहा आणि नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्यातील १८२ गावांना पाणी मिळायचे आहे. या धरणाची कल्पना प्रथम मांडली गेली ती १९७० मध्ये. म्हणजे भाविकांची रांग पाच वर्षांत सावलीला आली आणि शेतकऱ्यांची रांग ५३ वर्षे उन्हातच उभी राहिली.

ही तुलना अगदी सरळ नाही, हे मान्य करायला हवे. एक काम संपन्न देवस्थानाचे, दुसरे सरकारी निधीवर अवलंबून असलेले. एक इमारत आणि एक धरण यांत भूसंपादन, पुनर्वसन, निधीची तरतूद असे कितीतरी फरक आहेत. तरीही दोन्ही कोनशिलांवरील तारीख एकच असावी, यात असे काही आहे की ऐकणाऱ्याला आधी हसू येते आणि मग त्या हसण्याचीच लाज वाटते. या अवघडलेल्या हसण्याला साहित्यात आणि चित्रपटात 'काळा विनोद' असे नाव आहे. मराठीत तो ज्या चित्रपटाने सर्वांत नेमका पकडला, तो उमेश विनायक कुलकर्णी यांचा 'देऊळ' ४ नोव्हेंबर २०११ रोजी, म्हणजे शिर्डीतील त्या कार्यक्रमाच्या बारा वर्षे आधी, प्रदर्शित झाला होता. त्यातले मंगरूळ हे गाव काल्पनिक आहे. पण शिर्डी, शनिशिंगणापूर, मोहटादेवी आणि देवगड ही नावे ज्या जिल्ह्याच्या नकाशावर आहेत, तिथल्या प्रेक्षकाला ते गाव शोधायला फार लांब जावे लागत नाही.

गाय हरवते, देव सापडतो

'देऊळ'ची गोष्ट दोन वाक्यांत सांगण्याजोगी आहे. केशा हा गावातला साधाभोळा तरुण 'करडी' नावाची हरवलेली गाय शोधत माळावर फिरतो, दमून औदुंबराखाली झोपतो आणि त्याला दत्ताचे दर्शन घडते. तो हे गावभर सांगत सुटतो आणि त्याच्या त्या खऱ्याखुऱ्या अनुभवाचे बघता बघता देऊळ होते, देवळाची बाजारपेठ होते आणि बाजारपेठेचे राजकारण होते.

गोष्टीतला खरा पेच मात्र देवळाचा नसून दवाखान्याचा आहे. गावातले जाणते वडीलधारे अण्णा यांनी गावासाठी दवाखान्याची योजना आखलेली असते आणि गावचे पुढारी भाऊ त्या योजनेच्या पाठीशी असतात. देवळाची मागणी पुढे येते तेव्हा भाऊ लगेच उलटत नाहीत. ते आधी कुरकुरतात, अंदाज घेतात, गावातल्या तरुण पोरांचा कल पाहतात आणि मग ज्या दिशेने गर्दी निघाली आहे तिच्या पुढे जाऊन उभे राहतात. दवाखाना रद्द झाल्याचे कोणीही जाहीर करत नाही. तो फक्त मागे पडतो. सार्वजनिक कामे आपल्याकडे बहुधा अशीच संपतात. त्यांना कोणी विरोध करत नाही, इतर काही अधिक निकडीचे ठरते एवढेच.

याच ठिकाणी 'देऊळ' प्रचारपटांपासून वेगळा होतो. त्यात खलनायक नाही. अण्णा केशाला खोटे ठरवत नाहीत. श्रद्धा ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे, ती चव्हाट्यावर आणू नये, एवढेच ते त्याला समजावतात. केशाची भक्ती खरी आहे. देवळाभोवती दुकान थाटणाऱ्या बाईची गरजही खरी आहे, कारण पावसावर जगणाऱ्या गावात हाताला रोख पैसा देणारे दुसरे काही नाही. बातमी रंगवणारा पत्रकारदेखील दुष्ट नाही, तो आपला धंदा करतो. सगळे जण आपापल्या जागी थोडेथोडे बरोबर आहेत आणि सगळ्यांनी मिळून जे उभे केले आहे ते चूक आहे. प्रेक्षक हसतो, कारण यातला प्रत्येक माणूस त्याच्या ओळखीचा असतो. त्या ओळखीच्या यादीत आपणही आहोत, हे त्याला चित्रपटगृहाबाहेर पडताना कळते.

कलावंतांची जोडणी

असा विनोद पेलायचा तर अभिनेत्यांना विनोद करण्याचा मोह आवरावा लागतो. केशाची भूमिका करणाऱ्या गिरीश कुलकर्णी यांनी तो आवरला. त्यांचा केशा बावळट नाही, तो निष्पाप आहे, आणि या दोहोंतली रेषा फार बारीक असते. तो जर प्रेक्षकाला हास्यास्पद वाटला असता, तर अखेरीस त्याने देवळातून मूर्ती उचलून नेणे ही चोरीच वाटली असती. प्रत्यक्षात ती सुटका वाटते. आणि त्या सुटकेलाही चित्रपट विजयाचा मान देत नाही, कारण देऊळ रिकामे राहत नाही. मूर्ती बदलते, उत्सव चालूच राहतो.

नाना पाटेकर यांचे भाऊ हे त्यांच्या कारकिर्दीतील संयत कामांपैकी एक मानावे लागेल. आवाज चढवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या नटाने येथे आवाज खाली ठेवला आहे. पुढाऱ्याचा लबाडपणा नव्हे, तर त्याचा थकवा आणि त्याची सवय त्यांनी दाखवली. दिलीप प्रभावळकर यांचे अण्णा हे चित्रपटाचे विवेकस्थान. तरी दिग्दर्शकाने त्यांना व्यासपीठ दिलेले नाही. अण्णा हरतात, भाषण न करता हरतात आणि गाव सोडून जातात. सोनाली कुलकर्णी, शर्वाणी पिल्लई, उषा नाडकर्णी, किशोर कदम, हृषीकेश जोशी अशा कसलेल्या कलावंतांनी आजूबाजूचे गाव उभे केले आणि छोट्याशा भूमिकेत नसीरुद्दीन शाह येऊन गेले. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या छायाचित्रणात माळरानाची धूळ आणि देवळाची रोषणाई या दोहोंना सारखाच मान मिळाला आहे. मंगेश धाकडे यांचे संगीत भक्तीची थट्टा करत नाही, पण भक्तीच्या नावाखाली वाढत जाणारा गोंगाट मात्र स्पष्ट ऐकू येऊ देते. निर्माते अभिजित घोलप यांनी या विषयावर पैसा लावला, हेही नोंदवायला हवे.

५९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत 'देऊळ'ला 'ब्यारी' या चित्रपटासोबत विभागून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. गिरीश कुलकर्णी सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले आणि संवादलेखनाचा पुरस्कारही त्यांनाच मिळाला. 'श्यामची आई' आणि 'श्वास' यांच्यानंतर हा मान मिळवणारा हा तिसरा मराठी चित्रपट. पहिले दोन डोळ्यांत पाणी आणणारे होते. हसवणाऱ्या मराठी चित्रपटाला देशाने तो मान पहिल्यांदाच दिला, ही बाब तेव्हा फारशी चर्चेत आली नाही.

आयर्लंडचे बेट आणि मराठी माळ

या प्रकारच्या चित्रपटांची परंपरा ज्या देशात बळकट आहे, तो आयर्लंडही खेड्यांचा, पुजाऱ्यांचा आणि स्थलांतराचा देश आहे. मार्टिन मॅकडोना यांचा २०२२ मधील 'द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन' हा त्या परंपरेतला अलीकडचा गाजलेला चित्रपट. १९२३ साल, एक काल्पनिक बेट, समुद्रापलीकडे मुख्य भूमीवर चाललेले यादवी युद्ध आणि बेटावर दोन मित्रांचे भांडण. कोम नावाचा वयस्क फिडलवादक पोरिक या भोळ्या मित्राला एके दिवशी सांगून टाकतो की आपल्याला तुझ्याशी यापुढे बोलायचे नाही. तरी बोललास तर दरवेळी स्वतःचे एक बोट तोडून टाकीन, अशी धमकीही देतो. धमकी खरी ठरते. ब्रेंडन ग्लीसन आणि कॉलिन फॅरेल यांनी हे मित्र रंगवले. केरी कॉन्डन आणि बॅरी कीओगन यांच्या भूमिकाही तोडीस तोड ठरल्या. ऑस्करसाठी या चित्रपटाला नऊ नामांकने मिळाली, पुरस्कार मात्र एकही नाही. हासुद्धा एक काळा विनोदच.

हे दोन चित्रपट शेजारी ठेवले तर साम्ये चकित करणारी आहेत. तिकडे पोरिकचे जेनी नावाचे गाढव, इकडे केशाची करडी गाय. दोघांचाही जिव्हाळा माणसांपेक्षा मुक्या जनावरावर अधिक. तिकडे पोरिकची वाचनवेडी बहीण बेट सोडते, इकडे अण्णा गाव सोडतात. लहान जागेत शहाण्या माणसाचा श्वास आधी कोंडतो, हे दोन्ही लेखकांना ठाऊक आहे. तिकडे दोन मित्रांच्या वैरात सबंध देशाची यादवी दिसते, इकडे एका देवळाच्या पायाभरणीत देशाच्या गरजांचा उलटा क्रम दिसतो. दोघांपैकी कोणीही कोणाचे पाहून केलेले नाही. गावाकडे वरून न पाहता गावातच उभे राहून पाहिले की विनोद असाच काळवंडत जातो.

आणखी एक साम्य मंडळींच्या एकत्र असण्याचे. मॅकडोना, ग्लीसन आणि फॅरेल २००८ मधील 'इन ब्रूज'पासून एकत्र होते. उमेश आणि गिरीश कुलकर्णी यांनीही त्याच वर्षी 'वळू' केला, मग 'विहीर' आणि मग 'देऊळ'. 'वळू'तला उनाड बैल आणि त्याला पकडायला आलेला वनाधिकारी यांच्यामागे जे गाव खळाळून हसत होते, तेच गाव 'देऊळ'मध्ये येईपर्यंत अस्वस्थ झालेले दिसते. परस्परांवरचा एवढा भरवसा एका चित्रपटात कमावता येत नाही.

मराठीला हा प्रकार परका आहे, असेही नाही. सतीश आळेकर यांच्या १९७४ मधील 'महानिर्वाण' या नाटकात मेलेला नवराच कीर्तनकाराच्या थाटात स्वतःच्या मरणाची गोष्ट सांगतो आणि प्रेक्षक हसतात. २००९ मधील सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये विदर्भातील शेतकऱ्याची बायको, नवरा जीव देईल या धास्तीने त्याची पाठ सोडत नाही. त्यातून उद्भवणारे प्रसंग विनोदी आहेत आणि त्या विनोदावर सतत मरणाची सावली आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' न्यायालयाच्या निर्विकार कामकाजातून तसाच हशा आणि तशीच थंडी निर्माण करतो. परेश मोकाशी यांच्या २०२३ मधील 'वाळवी'ने तर खुनाचा कटच विनोदाचा विषय केला. त्याला ७०व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला.

नगरचा पुरावा

'देऊळ'मधील गंमत नगर जिल्ह्याने पडद्याबाहेर अनेकदा पाहिली आहे. नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापुरात घरांना दारे नसतात, ही ख्याती जगभर गेली. 'देऊळ' आला त्याच वर्षी, जानेवारी २०११ मध्ये, युको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणेही आले. बिनकुलपाची बँक आणि शेजारी पोलीस ठाणे, हा प्रसंग पटकथाकाराने लिहिला असता तर अतिशयोक्ती म्हणून खोडला गेला असता. याच गावात चौथऱ्यावर जाण्याचा हक्क स्त्रियांना ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला मिळाला. त्यासाठी आंदोलन करावे लागले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले.

चित्रपट या माध्यमाचाही या साऱ्यात वाटा आहे. १९७७ मधील 'शिर्डी के साईबाबा' आणि त्याच वर्षीचा 'अमर अकबर अँथनी' यांनी शिर्डीचे नाव देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचवले. १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडी येथे विमानतळ सुरू झाला, त्याच्या धावपट्टीचा पाया काही अंशी पडद्यावरच घातला गेला होता, असे म्हणता येईल. पडद्याने देवस्थाने मोठी केली. 'देऊळ'ने तोच पडदा उलटा फिरवून देवस्थानांचे मोठे होणे दाखवले.

मात्र नगरचा अनुभव 'देऊळ'ला एका जागी उत्तरही देतो आणि ते प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मंगरूळमध्ये देऊळ आणि दवाखाना यांपैकी एकच होऊ शकते. शिर्डीत तसे नाही. साईबाबा संस्थानाची रुग्णालये आहेत, अन्नछत्र आहे, शिक्षणसंस्था आहेत. दक्षिणापेटीतला पैसा शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचू शकतो, हे या जिल्ह्याने दाखवून दिले आहे. २००४ च्या कायद्याने संस्थानाचा कारभार एका चौकटीत आणला गेला, त्याचाही यात भाग आहे. याच तालुक्यांच्या मातीत, नेवाशाला, एका दगडी खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, अशी परंपरा आहे. त्या श्रद्धेला ना रांग लागली होती ना रोषणाई. तेव्हा प्रश्न श्रद्धेचा नाही. देवळाने दवाखाना चालवणे शक्य आहे, पण म्हणून दवाखाना देवळाच्या कृपेवर सोडून देणे हा कारभार नव्हे, हा आहे.

हा प्रश्न किती गंभीर आहे, ते ६ नोव्हेंबर २०२१ रोजी समजले. 'देऊळ' प्रदर्शित होऊन दहा वर्षे आणि दोन दिवस झाले होते. त्या दिवशी भाऊबीज होती. नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली आणि तेथे करोनावर उपचार घेत असलेल्या किमान ११ रुग्णांचा बळी गेला. ज्या दवाखान्यासाठी मंगरूळचे अण्णा धडपडत होते, तो नगरमध्ये होता. होता, पण सुरक्षित नव्हता. इमारत बांधून झाली की दवाखाना झाला, असे समजण्याची सवय आणि मूर्ती बसवली की देव आला, असे समजण्याची सवय, या दोन सवयी फार वेगळ्या नाहीत. या ठिकाणी मात्र काळ्या विनोदालाही थांबावे लागते. शिर्डीतील २०२३ च्या त्याच कार्यक्रमात याच जिल्हा रुग्णालयातील माता व बाल आरोग्य विभागाची पायाभरणीही झाली. त्या कोनशिलेची बातमी दर्शनरांग आणि कालवा यांच्या बातम्यांत खाली राहिली.

हसण्याची हिंमत

असे चित्रपट मराठीत वारंवार का येत नाहीत, याचे एक कारण व्यावसायिक आहे. विनोद म्हटले की घरच्या सर्वांनी निर्धास्त हसावे आणि गंभीर म्हटले की सर्वांनी रडावे, अशी वाटणी वितरकांनी आणि प्रेक्षकांनी मिळून करून ठेवली आहे. मधल्या वाटेवरचा चित्रपट कुठे लावायचा, हेच ठरत नाही. दुसरे कारण सामाजिक आहे. भावना दुखावण्याचा उंबरठा दर वर्षी खाली येत असताना देवळावर विनोद करायला धाडस लागते आणि तो श्रद्धाळू माणसाचा अपमान न करता करायला त्याहून अधिक कौशल्य लागते.

तरीही आशेला जागा आहे आणि ती नगरमध्येच आहे. श्रीगोंदे तालुक्यातून आलेल्या भाऊराव कऱ्हाडे यांनी 'ख्वाडा'त मेंढपाळ कुटुंबाची परवड दाखवून ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळवला. नागराज मंजुळे यांनी नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेतले. त्यांच्या 'फँड्री'त डुक्कर पकडण्यासाठी धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. चित्रपटगृहात त्या प्रसंगी हशा पिकतो आणि पुढच्याच क्षणी विरतो. पडद्यावर त्या कुटुंबाला हसणारे गावकरी आणि खुर्चीत बसून हसणारे आपण यांत अंतर किती, हा प्रश्न त्या शांततेत उरतो. हसणाऱ्याला आपल्या हसण्याचा हिशेब मागणारा हा विनोद नगरच्या वाटेने मराठीत आला आहे.

'देऊळ' आता चौदा-पंधरा वर्षांचा जुना चित्रपट आहे. त्यातले मोबाईल जुने दिसतात, वृत्तवाहिन्यांची भाषा आता सौम्य वाटते. जुना झाला नाही तो त्यातला मुख्य प्रश्न. गावाच्या सभेत देऊळ आणि दवाखाना असे दोन ठराव एकाच दिवशी आले, तर हात आधी कोणत्या ठरावाला वर होतील? निळवंडेच्या लाभक्षेत्रातील ज्या शेतकऱ्याने बापाच्या तोंडून कालव्याची गोष्ट ऐकली आणि पाणी मात्र स्वतःच्या म्हातारपणी पाहिले, त्याला याचे उत्तर ठाऊक आहे. तो कदाचित 'देऊळ' पाहून सर्वांत मोठ्याने हसेल. मग उठून, सवयीने, वाटेतल्या देवळापुढे हात जोडून घरी जाईल. चित्रपटाने त्याच्या या दोन्ही कृतींना सारखाच आदर दिला आहे, म्हणूनच तो आजही पाहावासा वाटतो.